मासोळीसाठी बोलावलेला मामा

मामा,

हे लिहिताना मी तुला 'तू' म्हणणार आहे. नागपूरला कॉलेजात गेलो आणि पहिल्याच दिवाळीला घरी येऊन तुला 'तुम्ही' म्हणालो, तेव्हा तू जाळ्याचा फाटका भाग विणत बसला होतास. मान वर न करता तू मामीला म्हणालास, "आयकलं काय वं, घरी पाव्हना आला आपल्या." मामी हसली. मी ओशाळलो, पण सवय सोडली नाही. शिकलेल्या माणसाने वडीलधाऱ्यांशी असंच बोलावं, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर 'तुम्ही' म्हटलं की तू थोडा लांबचा होतोस, आणि ते मला तेव्हा सोयीचं वाटू लागलं होतं.

तू किती वर्षं जगलास, किती तलावांत जाळं टाकलंस, हे मला नीट ठाऊक नाही आणि ते लिहायला मी बसलेलोही नाही. मला त्या तीन दिवसांबद्दल बोलायचं आहे. त्यानंतर आपण दोनदा दिवाळीला आणि एकदा उन्हाळ्यात भेटलो, तासन् तास बोललो, पण त्या तीन दिवसांवर तूही आला नाहीस आणि मीही नाही.

बाप गेल्यावर मायला आणि मला तू सिंदेवाहीजवळच्या तुझ्या गावी घेऊन आलास. गावाच्या डोक्यावर तलाव, तलावाखाली धानाची शेतं आणि पाणी अडवणाऱ्या पाळीच्या कडेने मासे धरणाऱ्या आपल्या ढिवरांची घरं. सगळी पोरं पाण्यात वाढली. मी मात्र पाळीवर. जाळ्याला हात लावला की तू ओरडायचास. "बापू, तुये हात पुस्तकाले पायजेत. एकदा वास लागला तं जात नाई." इतर पोरं हसायची. मला तेव्हा राग यायचा, की माझ्याच मामाने मला आपल्या कामातून बाहेर काढलं. पुढे मी हीच गोष्ट मनातल्या मनात तुझ्याविरुद्ध वापरली. मी स्वतःला सांगायचो, जात लपवायला मामानेच शिकवलं. ते खोटं होतं. तू माझे हात वाचवत होतास. लपवायला मी माझा मी शिकलो.

पावसाळ्यात तू वैनगंगेवरून मासोळीचं बी आणायचास. कावडीला दोन मडकी, मडक्यांत डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं आणि कोसाकोसावर थांबून पाण्यात हात घालून ते हलवणं. पाणी थांबलं की बी गुदमरतं. एकदा मी तुझ्याबरोबर चाललो होतो आणि मला ठेच लागून रक्त आलं, तर तू कावड खाली ठेवून आधी दोन्ही मडक्यांतलं पाणी हलवलंस आणि मग माझा अंगठा बांधलास. मी रडून म्हणालो, तुला पोरापेक्षा मासे जास्त. तू म्हणालास, "तू बोंबलू शकतेस ना. ते नाई बोंबलू शकत."

मी बी.ए. झालो. आपल्या घरातच काय, आपल्या पाळीवरच्या सगळ्या घरांत पहिला. चांद्याच्या हायस्कूलमध्ये लागलो. आडनाव माझं असं, की ते तीन-चार जातींत सापडतं. लोकांनी जे समजून घेतलं ते मी समजू दिलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे मी फार दिवस प्रामाणिकपणात धरत होतो.

राज्य बदललं, आपला भाग मुंबईला जोडला गेला, तेव्हा पुण्याकडून बांधकाम खात्याचे एक इंजिनियर साहेब बदलून आले. त्यांच्या पत्नीला बाहेरून मॅट्रिकला बसायचं होतं. मुख्याध्यापकांनी माझं नाव सुचवलं. रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्या बंगल्यावर इंग्रजी आणि गणित शिकवायला जाऊ लागलो. मी त्यांना वहिनी म्हणायचो. लहानपणी लग्न झाल्यामुळे शिक्षण राहिलेलं, म्हणून त्या अभ्यासाला अशा बसायच्या की मलाच तयारी करून जावं लागे. साहेब मोकळ्या स्वभावाचे. अनेकदा मला जेवायला थांबवून घेत. त्या घराने मला माणसांत बसवलं, हे मी आजही नाकारणार नाही.

वहिनींच्या अभ्यासाच्या टेबलावर काचेचं एक गोल भांडं होतं आणि त्यात एक सोनेरी मासोळी. वहिनींच्या भावाने मुंबईहून दोन आणल्या होत्या, त्यातली एक प्रवासातच मेली. उरलेलीवर वहिनींचा जीव. लाल-पिवळी, बोटभर, लुगड्याच्या पदरासारखी शेपटी. चांद्यात असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. भेटायला आलेला माणूस भांड्याजवळ वाकायचा, मासोळी वर येऊन तोंड उघडायची आणि तो म्हणायचा, भूक लागली बिचारीला. मग कोणी बिस्किटाचा चुरा टाकी, कोणी भाताची शितं, कोणी शेवया.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती आजारी पडली. एका कुशीवर कलून पोहू लागली. पोट फुगलं, शेपटीच्या कडा झिजल्या आणि तिथे कापसासारखं पांढरं काही दिसू लागलं. वहिनींनी रोज विहिरीचं ताजं गार पाणी घालायला सुरुवात केली, ती आणखी मलूल झाली. साहेबांनी गुरांच्या डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. डॉक्टरांनी उलट विचारलं, दूध किती देते?

मामा, आता ऐक. ती काय झाली होती ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी पाळीवर वाढलो होतो. हवा कमी पडलेल्या पाण्यात मासे वर येऊन कसं तोंड उघडतात ते मी शंभरदा पाहिलं होतं. कोरड्या हाताने मासा धरला की त्याला आपल्या हाताचा चटका बसतो, हे तू मला सांगितलं होतंस. आणि वहिनी तिला चहाच्या गाळणीने उचलून, पदराने हात पुसून, तळहातावर घेत होत्या, आणि मी समोर इंग्रजीचं पुस्तक धरून बसलो होतो. चार दिवस. मी एवढंच म्हणालो, "शाळेच्या लायब्ररीत काही मिळतं का पाहतो." हात कोरडा नको, एवढं बोललो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. मुका जीव माझ्या डोळ्यांदेखत तळमळत राहिला.

पाचव्या दिवशी वहिनींनी पुस्तक मिटलं आणि त्या रडल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या भागात एवढे तलाव, एवढे मासे. एकही जाणता माणूस नाही का?"

तेव्हा मी म्हणालो, "आमच्या गावाकडे एक आहेत."

त्याच दिवशी मी तुला कार्ड टाकलं. साहेबांच्या घरची मासोळी आजारी आहे, जमलं तर येऊन जा. पत्ता बंगल्याचा दिला, माझ्या खोलीचा नाही. दुसरं काही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? कार्ड तुला गावचे गुरुजी वाचून दाखवणार होते.

तिसऱ्या दिवशी तू आलास. अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने, मांडीवर मडकं घेऊन. मडक्यात आपल्या तलावाचं पाणी, कपड्याने तोंड बांधलेलं. गाडीत लोक हसले असतील. तू फाटकातून आत आलास तेव्हा मी आणि वहिनी ओसरीतच होतो. तू मडकं खाली ठेवलंस, मला पाहिलंस, तुझं तोंड फुललं, आणि तू वाकून माझ्या पायाला हात लावलास.

आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बहिणीचं लेकरू म्हणून. मी पाळण्यात असल्यापासून तू पडत आलास. आपल्या गावात कोणी पाहिलं असतं तर न सांगता कळलं असतं की हा याचा मामा आहे. पण वहिनी साताऱ्याकडच्या. त्यांच्याकडे ही रीत नाही. त्यांना दिसलं ते असं, की पिकल्या केसांचा एक मासेमार तरुण मास्तरच्या पाया पडतो आहे.

त्या कौतुकाने म्हणाल्या, "अगबाई, केवढं मानतात हो तुम्हाला ही माणसं."

तू अजून पुरता उभा राहिला नव्हतास. तू तसाच अर्धा वाकलेला वर माझ्याकडे पाहू लागलास. तुला वाटलं असेल, आता बापू सांगेल. मला तेवढा वेळ होता, मामा. एक वाक्य बोलायला लागतो तेवढा. मी म्हणालो, "हो, आमच्या गावाकडचे ढिवर आहेत. मासे धरतात."

तू सरळ झालास. धोतराला हात पुसलेस. आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने म्हणालास, "होय जी बाई. गावचाच हाव. मास्तरायनं बलावलं तं आलो."

त्या क्षणापासून तू मला मास्तर म्हणू लागलास. मी तुला काहीच सांगितलं नव्हतं. तू माझ्या तोंडाकडे पाहून समजलास आणि माझी चोरी आपल्या अंगावर घेतलीस.

तू भांड्याजवळ गेलास, हात न लावता बराच वेळ पाहिलंस. मग विचारलंस, "किती वेरा खाऊ घालता, बाई?"

"चार-पाचदा. ती वर येऊन तोंड उघडते ना, भुकेनं."

"भूक नोयती ते. दम घेऊन रायली होती."

वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

"तुमाले काय ठावं," तू म्हणालास. "आमच्यातले लहान पोरंबी तसंच समजते. भांड्याचं पोट मोठं अन् तोंड लहान. पान्यात हवा कुठून जाईन? वरतून रोज नवं गार पानी. मानसाले रोज नव्या गावात नेऊन सोडलं तं त्याचं काय होईन?"

साहेब तेवढ्यात बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, हे तुमचे वैद्यबुवा आमच्या खात्यात हवे होते. पुलाखाली पाणी कुठे तुंबतं ते तरी कळलं असतं."

"पूल बांधाच्या आंधी इचारलं असतं तं सांगितलं असतं जी," तू म्हणालास. साहेब खूप हसले. मीही हसलो, जरा जास्तच.

तू कुंभाराकडून उथळ, रुंद तोंडाचं मातीचं परळ आणवलंस. तलावाचं पाणी कपड्यातून गाळलंस, त्यात रात्रभर ठेवलेलं विहिरीचं पाणी थोडं थोडं घातलंस. मूठभर खडे मीठ एका वाटीत विरघळवून, तेही एकदम नाही, दुपारपर्यंत तीन वेळा मिळून. मग हात कोपरापर्यंत ओले केलेस आणि ओंजळीत पाण्यासकट मासोळी उचलून परळात सोडलीस. परळावर अर्धी बाजू झाकेल अशी पळसाची पानं ठेवलीस. "तीन दिवस एक शीतबी टाकाचं नाई. कोनी आलं तं त्याले चहा पाजा, इले काई नाई." वहिनी शिष्येसारख्या सगळं वहीत लिहून घेत होत्या. आणि मग तू भिंतीला टेकून बसलास, आणि मधून मधून बोटं पाण्यात घालून ते हलवत राहिलास, वैनगंगेवरून येताना हलवायचास तसं.

दुपारी साहेबांनी मला जेवायला आत बोलावलं. तुला ओसरीवर पत्रावळ मांडली. वहिनींनी वाईट मनाने काही केलं नाही. त्यांच्या घरी कामाच्या माणसाला असंच वाढायचे. तू पाणी मागितलंस तेव्हा त्यांनी वरून धार धरली आणि तू ओंजळीने प्यालास. माझ्या पाटावरून मला ते दारातून दिसत होतं. वरणभात होता आणि शेवग्याच्या शेंगा. साहेब मला परीक्षेच्या सुधारणेबद्दल काही विचारत होते आणि मी उत्तरं देत होतो, नीट, पूर्ण वाक्यांत. घास घशाखाली उतरला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी पोटभर जेवलो.

मुक्कामाचं मी काय करावं या विचारात होतो. माझ्या खोलीच्या शेजारी शाळेतलेच दोन मास्तर राहायचे. तू मला विचारूच दिलं नाहीस. "मी तलावाकडे जातो, तिथी आपले लोक हायेत," म्हणालास. मला सुटल्यासारखं वाटलं. ज्या माणसाने मला खांद्यावरून शाळेत नेलं तो माझ्या खोलीवर राहणार नाही, म्हणून मला बरं वाटलं.

तू आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या आधी आलो, तर मासोळी सरळ झाली होती. पानांच्या सावलीतून बाहेर आली, वळली, पुन्हा आत गेली. शेपटीचा कापूस गळला होता. वहिनींनी टाळी वाजवली. तू आनंदाने माझ्याकडे वळलास आणि तुझ्या तोंडून "पाय बा..." एवढं निघालं आणि तू पुढचा शब्द गिळलास. मग म्हणालास, "पाहा मास्तर."

तुझ्या तोंडून माझं घरचं नाव निघालं नाही म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला, मामा. तो श्वास मला आज आठवतो आणि मान वर करता येत नाही.

त्या दुपारी तू निघालास. स्टेशनावर मी येऊ शकलो असतो. पण गाडीला शाळेतलं कोणी असलं तर, हा विचार होता. मी म्हणालो, पेपर तपासायचे आहेत. फाटकाबाहेर, चिंचेखाली, आपण दोघंच होतो. तिथे तू मला मास्तर म्हणाला नाहीस.

"तू ये नोको. पेपर तपास. मले रस्ता ठावा हाय." मग मडकं या हातातून त्या हातात घेत विचारलंस, "बापू, मी आलो ते बरं केलं का नाई?"

मी म्हणालो, "मासोळी वाचली ना. मग बरंच झालं."

तू "हो, ते तं हाय" म्हणालास आणि गेलास.

दिवाळीला मी गावी आलो तेव्हा वहिनींनी तुझ्यासाठी दिलेलं धोतर घेऊन आलो. आपल्यात मामा भाच्याला देतो, भाच्याकडून घेत नाही. तू घडी उलटीपालटी करून पाहिलीस आणि म्हणालास, "हे तुयाकडून नाई, साहेबाकडून हाय. म्हून घेतो." मामीला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं. पण तुझा चेहरा मला तेव्हा वाचता आला नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही. तू टोचलंस की फक्त रीत सांगितलीस, हे आता कोणाला विचारू?

त्याऐवजी आपण मासोळीवरून भांडलो. तू दर भेटीत पहिला प्रश्न तिचाच करायचास. तिला पुन्हा काचेत ठेवलं, पण भांडं चौकोनी आणि रुंद आहे, हे मी सांगितलं तेव्हा तू मान हलवलीस. मी म्हणालो, सौंदर्य पाहण्यासाठी असतं, माणूस फुलदाणी ठेवतो तसंच हे. मी कॉलेजात ऐकलेलं बरंच काही बोललो. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, "चारही अंगानं उजेड. मासोरीले डोरे झाकाले पापनी नाई. तिले अंधार पायजे तं ती कुठी जाईन?"

मी म्हणालो, पुढच्या वेळी बोलू. उन्हाळ्यात तू पुन्हा तोच विषय काढलास आणि मी पुन्हा हसून टाळलं. चांद्याला परत आल्यावर मात्र मी वहिनींना सांगून भांड्याच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला. त्यांना म्हणालो, पुस्तकात वाचलं. तुझं वाक्य होतं. तेही मी तुझ्या नावावर राहू दिलं नाही.

मागच्या गुरुवारी शाळेत कार्ड आलं. कोपरा फाडलेला होता, म्हणजे वाचायच्या आधीच कळलं. बाजूच्या मास्तरांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हणालो, "गावाकडचे एक म्हातारे." कार्ड खिशात घातलं, सातवीचा तास घेतला आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे वहिनींना शिकवायला गेलो. त्या दिवशी प्रमेय होतं. मी ते दोनदा समजावून सांगितलं. मासोळी कागदाच्या बाजूला जाऊन स्थिर उभी होती.

रविवारी गावी पोचलो. मामी ओट्यावर बायकांत बसली होती. मला पाहून तिने हंबरडा फोडला नाही. तिने बायकांना सांगितलं, "हा आला बापू. यानंच बलावलं होतं मालकाले चांद्याले." मग ती मला सांगू लागली आणि बायका माना हलवू लागल्या. त्यांना ते सगळं पाठ होतं. तू गावभर सांगितलेलं. की साहेबाच्या बंगल्यात भाच्याने तुझा हात धरून आत नेलं. की साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. की भाचा म्हणाला, हे माझे मामा, यांनीच मला शिकवलं. की पंगतीत साहेबांच्या डाव्या हाताला तू बसला होतास आणि उजव्या हाताला मी. शेवग्याच्या शेंगांची आमटी होती, हेही तू सांगितलं होतंस. तेवढंच खरं.

"खुर्चीवर बसाले त्यायले लाज वाटली म्हने," मामी म्हणाली. "तुवा जबरदस्तीनं बसवलं म्हने. खरं ना रे बापू?"

सगळ्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "हो मामी."

मी तुला साहेबांच्या घरी नाकारलं, आणि तू मला आपल्या गावात मोठा करून ठेवलास. आता मी ते खोटं आहे असं मामीला सांगूही शकत नाही. तिच्याजवळ तेवढंच आहे. ती खुर्ची तू कधी रचलीस? छोट्या गाडीत, मडकं मांडीवर घेऊन? सिंदेवाही येईपर्यंत ती तयार झाली असेल. तुला गावात काय सांगायचं ते ठरवावं लागलं, कारण सांगण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

सोमवारी मी बंगल्यावर गेलो. वहिनी वही उघडून बसल्या होत्या. चहा आला. मी चहाला हात लावला नाही. मी म्हणालो, "वहिनी, मासोळी बरी करायला आले होते ते वारले."

"अरे," त्या म्हणाल्या. "किती चांगला माणूस. कशानं?"

"तापानं." मग मी म्हणालो, "ते माझे मामा होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी त्यांना वाटलं, गावाकडे सगळ्यांनाच मामा म्हणतात, तसंच काही. त्यांनी विचारलं, "म्हणजे, सख्खे?"

"सख्खे. माझ्या आईचे थोरले भाऊ. मला त्यांनीच वाढवलं. मी ढिवर आहे, वहिनी."

त्यांची नजर ओसरीकडे गेली, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाल्या, "मी त्यांना वरून पाणी घातलं. तुम्ही आत बसून पाहत होतात." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं तर मी वेगळी वागले असते की नाही, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतं."

मी हो म्हणालो. त्यांनी वही मिटली. "गेले कधी?"

"बुधवारी. मला गुरुवारी कळलं."

"गुरुवारी तुम्ही मला प्रमेय शिकवलंत," त्या म्हणाल्या. "मामाचं सुतक असतं. घरी जा, सर."

हे रागाने म्हणाल्या की आदराने, मला कळलं नाही. साहेबांना त्या सांगतील. मला पुन्हा बोलावणं येईल की नाही, सांगता येत नाही. येऊ नये असं मला वाटत नाही. ते घर मला अजून हवं आहे, आणि हे तुला लिहितानाही मला लाज वाटते. माझी भीती अगदीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही. पण ती खरी निघाली तरी मी केलं ते बरोबर ठरत नाही.

काल सकाळी मी शाळेत रजेचा अर्ज दिला. तीन दिवसांची रजा, कारण: मामा वारले, सुतक. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून अर्ज वाचला.

"वाईट झालं. कधी वारले?"

"मागच्या बुधवारी, सर."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "मग तीन दिवसांचं सुतक आता कसं?"

मी म्हणालो, "मला उशीर झाला, सर."